बाईकच्या भागांवर कार्बनचं कापड चढवताना: पकड, वीण आणि आपलं हवामान

बाईकवर ‘कार्बन फायबर’ म्हणून जे दिसतं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे विणीचं चित्र छापलेली विनाइलची पन्नी. तिच्यात कार्बन नसतोच. दुसरी, मुळापासून कार्बनचाच घडवलेला भाग: साच्यात कापडाचे थर रचून, हवा काढून, बहुधा भट्टीत तापवून बनवलेला. बीएमडब्ल्यूने २०१७ साली आणलेल्या एचपी४ रेस या बाईकची मुख्य फ्रेमच अशी होती. तिसरी गोष्ट या दोन्हींच्या मधली. मूळचा प्लास्टिकचा किंवा धातूचा भाग तसाच ठेवायचा, त्यावर खऱ्या कार्बनच्या कापडाचा एक थर एपॉक्सी रेझिनने (हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) बसवायचा, वर पारदर्शक रेझिनचे दोन-तीन हात द्यायचे आणि घासून चकाकी आणायची. गॅरेजमध्ये याला कोणी ओव्हरले म्हणतं, कोणी स्किनिंग. हा लेख त्याबद्दल आहे.

या पद्धतीला साचा लागत नाही, व्हॅक्यूम पंप लागत नाही, भट्टी लागत नाही. म्हणून ती घरच्या घरी करता येते, आणि म्हणूनच ती इतक्या वेळा फसते. पहिल्या दिवशी आरशासारखा दिसणारा मडगार्ड पावसाळा उलटला की कडेने सुटायला लागतो, पिवळा पडतो, नाहीतर उन्हात त्याची वीण बोटाला लागेल इतकी वर येते. यात बहुतेक वेळा कापडाचा दोष नसतो. खालच्या पृष्ठभागाने रेझिनला किती धरलं, एका हाताने दुसऱ्या हाताला किती धरलं, यावर सगळं ठरतं. त्यातून रेझिनच्या डब्यावरच्या वेळा बहुधा २५ अंशांच्या कोरड्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. मे महिन्यातलं अकोला किंवा जुलैमधलं रत्नागिरी त्या वेळापत्रकात बसत नाही.

आधी अपेक्षांचं बोलू. ओव्हरलेने वजन कमी होत नाही, वाढतं. हिशेब सोपा आहे. समजा पाव चौरस मीटर भाग झाकायचा आहे. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड घेतलं तर कापडाचे ५० ग्रॅम, त्यात मुरणारं रेझिन साधारण तेवढंच, आणि वर अर्धा मिलिमीटर पारदर्शक थर धरला तर त्याचे आणखी १४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळपास पाव किलो. ताकदीचंही तसंच. एकेरी थर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो. पातळ पॅनल त्याने थोडं ताठ होईल, पण वाकलेला किंवा तडकलेला भाग दुरुस्त होणार नाही. हे काम शोभेचं आहे आणि शोभा म्हणून मनापासून करण्यासारखं आहे. मात्र ब्रेक लिव्हर, हँडलबार, चाकाची रिम, फूटरेस्टचे ब्रॅकेट, स्विंगआर्म यांवर कापड चढवू नये. तिथे उद्या बारीक चीर पडली तर ती डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि हा थर नेमकी तीच झाकतो. हेल्मेटवर तर अजिबात नको: थिनरसारख्या सॉल्व्हंटमुळे कवच आणि आतला फोम कमकुवत होऊ शकतो, आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

कापड वळतं कसं

कार्बनचा एक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. असे ३००० तंतू एकत्र घेतले की एक पेड होतो. कापडाच्या नावात येणारं ‘३के’ म्हणजे हे. ओव्हरलेसाठी सर्वात जास्त वापरलं जातं ते ३के धाग्याचं, २/२ ट्विल विणीचं, चौरस मीटरला २०० ते २१० ग्रॅमचं कापड. ट्विलमध्ये धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, आणि प्रत्येक ओळ एका धाग्याने सरकलेली असते. कार्बन म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या तिरप्या रेषा त्यातून तयार होतात. साध्या विणीत एक वर, एक खाली. ती घट्ट बसते, कापताना कमी उसवते, पण गोलाईवर नीट पडत नाही. मडगार्डसारख्या दोन्ही बाजूंनी वळलेल्या भागासाठी ट्विलच घ्यावं.

कार्बनचा धागा ताणला जात नाही. मग सपाट कापड घुमटावर बसतं कसं? आडव्या-उभ्या धाग्यांमधला काटकोन मिटतो किंवा उघडतो, त्यामुळे. शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या तिरप्या दिशेने कापड ओढलं की चौकोनांचे शंकरपाळ्यांसारखे आकार होतात आणि कापड गोलाईला लपेटतं. पण याला मर्यादा आहे. कोन एका टप्प्यापलीकडे मिटला की धागे एकमेकांना टेकतात, पुढे सरकायला जागा उरत नाही आणि सुरकुती येते. सुरकुती आली की ती दाबून बसवायचा प्रयत्न करू नये. तिथलं कापड उचलून लांबच्या कोपऱ्यातून हलकेच उरेब ओढावं. तरीही जात नसेल, तर त्या आकारासाठी एकसंध तुकडा चालणार नाही, हे मान्य करावं आणि सांधा कुठे लपवायचा याचा विचार करावा.

म्हणून रेझिनचा डबा उघडण्याआधी कोरडी तालीम करावी. कापड भागावर टाकून बघावं, मध्यरेषा कुठे येते, तिरप्या रेषा दोन्ही बाजूंना कशा उतरतात ते पाहावं. मडगार्ड समोरून दिसतो. त्यावरची वीण एका बाजूला कललेली असली तर चकाकी कितीही आणली तरी ती खटकते. जिथे कापायचं तिथे आधी मास्किंग टेप लावून टेपच्या मधोमध कात्री चालवायची, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. कापड घडी घालून कधीच ठेवायचं नाही, नळीवर गुंडाळायचं. घडीची रेघ रेझिनखाली कायम दिसते.

आकाराची एक अडचण मात्र कापड सोडवू शकत नाही. ताठ धागा टोकदार कडेवरून वळायला तयार नसतो. तो उचलला जातो आणि खाली हवा राहते. आतल्या खोबणीत उलट होतं, कापड दोन्ही काठांवर टेकून मधे पुलासारखं अधांतरी राहतं. यावर उपाय आधीच करायचा: बाहेरच्या कडा घासून गोल करायच्या, तीन मिलिमीटरची गोलाई मिळाली तर उत्तम, आणि आतले कोपरे एपॉक्सीत घट्ट करणारी पावडर मिसळून तयार केलेल्या लांबीने (पुट्टीने) भरून घ्यायचे.

कार्बनऐवजी पिवळं केव्हलार वापरण्याचा मोह होतो. मी तो टाळायला सांगेन. ते साध्या कात्रीने नीट कापलं जात नाही, घासलं की लव उठते, उन्हात त्याचा रंग बदलतो आणि ते ओलावा धरतं. काचेचं कापड मात्र फार उपयोगी आहे. रेझिनमध्ये भिजलं की ते जवळपास पारदर्शक होतं, आणि तडकलेल्या फेअरिंगच्या (बाईकच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचाच्या) आतल्या बाजूने त्याचे दोन-तीन थर दिले तर खरी दुरुस्ती होते. तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडून तडा आधी थांबवायचा, मग आतून काच लावायची आणि बाहेरून कार्बन चढवायचा. हा क्रम योग्य.

खाली काय आहे ते आधी ओळखा

भाग उलटा करून आतल्या बाजूला पाहा. बहुतेक प्लास्टिकच्या भागांवर दोन बाणांच्या मधे साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात: एबीएस, पीपी, कधी दोन नावं जोडून. हा शिक्का सगळं ठरवतो.

एबीएस म्हणजे कडक, ताठ प्लास्टिक. त्यावर एपॉक्सी चांगलं बसतं. फेअरिंग आणि साइड पॅनल पुष्कळदा याचे असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मेणासारखं हाताला लागणारं, लवचिक. कित्येक मडगार्ड आणि आतली पॅनल त्याची असतात. पीपीच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं, आणि रेझिनचंही तेच होतं. कितीही घासलं तरी रासायनिक पकड तयार होत नाही. ज्योत झरकन फिरवून पृष्ठभाग बदलता येतो, पण तो परिणाम थोडा वेळच टिकतो; पीपीसाठीचे खास प्रायमरही मिळतात. तरी माझं मत असं की पहिल्या कामासाठी पीपीचा भाग घेऊच नये. तो वाकतो, वरचा थर वाकत नाही, आणि एखाद्या खड्ड्यात हा फरक दिसून येतो.

एबीएस साफ करताना एक चूक फार महागात पडते: अ‍ॅसिटोन किंवा थिनर. दोन्ही एबीएसला विरघळवतात. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं. अ‍ॅसिटोन धातूसाठी ठेवावं. साफ करण्याचं काम घासण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा करायचं. चेनच्या ल्युबचा अंश किंवा सिलिकॉनच्या पॉलिशचा थर तसाच ठेवून घासलं तर ती चिकटाई ओरखड्यांत दाबली जाते आणि मग निघत नाही. घासायला ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर लागतो. गुळगुळीत पृष्ठभागावर रेझिन छान पसरतं आणि तितक्याच सहज सुटतं. जुना रंग ठेवायचा असेल तर लक्षात घ्या की वरचा थर त्या रंगाला चिकटणार आहे, भागाला नाही. रंग जितका पक्का, तितकंच काम पक्कं. पोपडे धरलेला रंग पूर्ण काढावा. क्रोम केलेला भाग सोडून द्यावा.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे आणि किनारपट्टीवरच्या वाचकांनी ती नीट समजून घ्यावी. कार्बन वीज वाहून नेतो. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मधे खारट ओलावा शिरला की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी धरते, थर फुगतो, सुटतो. स्टीललाही याचा त्रास होतो, थोडा कमी. म्हणून धातूवर आधी एपॉक्सीचा एक अखंड हात, शक्य असेल तर पातळ काचेच्या कापडाचा एक थर, आणि मगच कार्बन. बोल्टच्या भोकांच्या कडांवरही रेझिन लावायचं, कारण ओलावा तिथूनच आत येतो. ॲल्युमिनियम घासल्यावर त्यावर लगेच नवी ऑक्साइडची साय धरायला लागते, त्यामुळे घासणं आणि पहिला हात यांत तासाभरापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये.

उष्णतेने होणारी वाढ हाही पकडीचाच प्रश्न आहे. एबीएसचं ३०० मिलिमीटर लांबीचं पॅनल ४० अंशांनी तापलं तर ते सुमारे एक मिलिमीटरने वाढतं. त्यावरचा कार्बनचा थर जवळपास वाढतच नाही. ही ओढाताण सांध्यावर रोज होते, दुपारी एकदा आणि रात्री उलट दिशेने. मधली पकड अर्धवट असेल तर कडा आधी उघडतात.

रेझिन, ऊन आणि पाऊस

गणपतीच्या मखरापासून कोकणातल्या मासेमारीच्या होड्यांपर्यंत आपल्याकडे जे ‘फायबरचं काम’ चालतं, त्यात बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं. ते स्वस्त आहे आणि हार्डनर थोडा कमी-जास्त करून त्याचा वेग बदलता येतो. ती सवय एपॉक्सीला लागू पडत नाही. एपॉक्सीत हार्डनर हा रेझिनशी प्रत्यक्ष जोडला जाणारा दुसरा घटक असतो. डब्यावर वजनाने १०० ला ३० लिहिलं असेल तर १०० ला ३०च. वजनकाट्यावर, अंदाजाने नाही. जास्त हार्डनर घातला म्हणून ते लवकर वाळत नाही, उलट चिकट आणि कमजोर राहतं. शिवाय पॉलिएस्टरमधलं स्टायरीन एबीएसला मऊ करतं आणि चिकटवण्याच्या कामात पॉलिएस्टर एपॉक्सीच्या जवळपासही येत नाही. ओव्हरलेसाठी एपॉक्सीच. (पॉलिएस्टरचं काम करणाऱ्यांनी कोबाल्ट आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नये, स्फोट होऊ शकतो.)

उन्हाळ्यात अडचण वेगाची. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन हातात टिकण्याचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. त्यात पेल्यात एकत्र साठलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतं. मोठा पेला भरून ठेवला तर धूर निघेपर्यंत मजल जाते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात हे काम पहाटे करावं, एका वेळी थोडंच मिसळावं आणि मिसळल्यावर पसरट ट्रेमध्ये ओतावं, म्हणजे उष्णता निघून जाते.

पावसाळ्यात अडचण वेगळी. हार्डनरमधली अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जोडली जाते आणि वाळलेल्या थरावर मेणासारखा तेलकट पापुद्रा येतो. त्यावर पुढचा हात दिला तर तो चिकटत नाही. थंड आणि दमट हवेत हे जास्त होतं, म्हणून जुलैत मुंबईपेक्षा महाबळेश्वर किंवा आंबोलीकडे त्रास अधिक. हा पापुद्रा अ‍ॅसिटोनने जात नाही; तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा खरखरीत स्क्रबर घेऊन धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच घासायचं. आधी घासलं तर तो खोल बसतो. खोली बंद करून थोडी ऊब देता आली तर बरंच काम सोपं होतं. ते शक्य नसेल तर पावसाचे दोन महिने हे काम बाजूला ठेवणंच शहाणपणाचं.

थर चढवताना

पहिला हात काळ्या रंगाची पेस्ट मिसळलेल्या एपॉक्सीचा. विणीच्या फटींतून खालचं दिसतं. खाली लाल रंग असेल तर कार्बनवर लालसर ठिपके येतात. हा हात ब्रशने पातळ लावायचा आणि थांबायचं. किती वेळ, हे घड्याळ सांगू शकत नाही. उन्हाळ्यात तासाभरात होईल, थंडीत तीन-चार तास लागतील. हातमोजा घातलेलं बोट टेकवून उचलायचं. पाकासारखी तार निघत असेल तर अजून वेळ आहे. बोटाचा ठसा उमटतो, पण बोटाला काहीच लागत नाही, ही योग्य वेळ. या अवस्थेत रेझिन कापडाला धरतं, पण त्यात बुडू देत नाही. लवकर टाकलं तर कापड घसरतं आणि काळं रेझिन विणीतून वर येऊन चमक घालवतं. उशीर झाला तर कापड धरलंच जात नाही.

कापड मध्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवत जायचं, दाबायचं, ओढायचं नाही. कडेला पोचल्यावर ते तिथेच कापू नये. दहा-पंधरा मिलिमीटर मागे वळवून आतल्या बाजूला चिकटवावं. कडेवर कापलेला थर म्हणजे पाण्याला उघडं दार. वळणावर अडत असेल तर मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, छोटी चीर द्यावी. आकड्या, टेप, क्लिप, जे लागेल त्याने कड रात्रभर धरून ठेवावी.

त्यानंतर पारदर्शक रेझिन. पहिला हात कापडात मुरण्यापुरता. ओतलं तर हवा अडकते. बुडबुडे दिसले तर हीट गन लांबून, झरकन फिरवावी. रेझिन क्षणभर पातळ होतं आणि हवा सुटते. दुसरा आणि तिसरा हात खालचा थर चिकट असतानाच द्यायचा, कारण तेव्हा दोन थर रासायनिक पद्धतीने एक होतात. ती वेळ टळली आणि थर रात्रभरात कडक झाला, तर १२० नंबरने सगळी चमक घालवून, धुऊन, मग पुढचा हात. चमकत्या थरावर थेट दिलेला हात काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा निघतो.

इथे बहुतेक जण घाई करतात, आणि विणीचा उठाव उन्हात पुन्हा दिसू लागतो तो याच घाईमुळे. खोलीच्या तापमानाला वाळलेलं साधं एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. उन्हात उभ्या बाईकचा काळा पृष्ठभाग एवढा सहज तापतो. तेव्हा रेझिन थोडं आकसतं, धाग्यांच्या मधली जागा खाली बसते आणि गुळगुळीत केलेल्या थरावर वीण पुन्हा उमटते. उपाय असा की हे आकसणं शेवटच्या घासणीच्या आधी होऊन जाऊ द्यायचं. भाग आठवडाभर ठेवावा आणि मग बंद पेटीत हळूहळू तापवावा: काही तास ४० अंश, मग ५०, मग शक्य असेल तर ६०. एबीएसचा भाग असेल तर ६०च्या पुढे जाऊ नये. असं तापवलेलं रेझिन पुढे जास्त उष्णता सोसतं. सायलेन्सर आणि त्याच्या लगतची जाळी यांच्यासाठी मात्र हेही पुरत नाही. तिथे साधं एपॉक्सी वापरूच नये.

मग घासणी, पाण्याबरोबर: १८०, २४०, ४००, ६००, ८००, १२००, २०००. घासताना ओघळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवायचं. पारदर्शक रेझिन घासलं जात असेल तर पाणी दुधाळ असतं. काळपट झालं की धाग्यापर्यंत पोचलात. तिथे थांबायचं आणि त्या जागी रेझिनचा आणखी एक हात द्यायचा.

चमक आली म्हणून काम संपत नाही. एपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. ‘यूव्ही स्टेबल’ लिहिलेलं रेझिनसुद्धा उशिरा का होईना, पडतंच. वरून दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर कोटचे दोन हात हवेतच, आणि ते गाडी रंगवणाऱ्या चांगल्या पेंटरकडून, नीट हवा खेळणाऱ्या बूथमध्ये मारून घेतलेले बरे, कारण पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं साध्या मास्कमधून सहज जातात आणि दमा जडवू शकतात. या कोटसाठी आधीची घासणी ६०० ते ८०० नंबरवरच थांबवून थर मॅट ठेवायचा. १२००, २००० नंबर आणि आरशासारखं पॉलिश मग या क्लिअर कोटला करायचं.

हातांची काळजी सुरुवातीपासून घ्या. एपॉक्सीच्या हार्डनरची अ‍ॅलर्जी हळूहळू येते, आणि एकदा आली की आयुष्यभर राहते. नायट्रिलचे हातमोजे घाला, हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. घासणी ओलीच करा आणि एन९५ मास्क लावा. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, तेव्हा बाईकचं वायरिंग, चार्जर किंवा उघडी यंत्रं जवळ असताना कोरडं घासणं टाळा.

भाग परत बसवताना थराची जाडी विसरू नका. एका बाजूला एक मिलिमीटर वाढलं की बोल्ट तोकडे पडतात, फटी बदलतात, आणि मडगार्डच्या बाबतीत आत वळवलेली कड टायरच्या जवळ येते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा शॉकअप दाबून टायरला कुठे घासत नाही ना, ते तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. बोल्ट कचकचून आवळू नयेत. रुंद वॉशर आणि पातळ रबर घालावं, नाहीतर पहिली चीर भोकापासूनच सुरू होते.

सुरुवात करायचीच असेल तर एबीएसचं एखादं छोटं साइड पॅनल घ्या, ज्याला एकाच दिशेने गोलाई आहे आणि ज्याचा जुना जोड भंगारात थोडक्यात मिळतो. त्याच पॅनलच्या मागच्या बाजूला आधी तळहाताएवढा तुकडा चिकटवा, आठवडा जाऊ द्या, मग पक्कडीने उपटून पाहा. थर निघताना प्लास्टिकची साल सोबत येत असेल तर पकड झाली आहे, पुढचं काम करायला हरकत नाही. खालचा पृष्ठभाग स्वच्छ, चकचकीत राहिला तर पॉलिश पेपर पुन्हा हातात घ्या.